हसायला बोली, रडायला मराठी

लग्नसराईत संध्याकाळी नंदुरबारच्या कोणत्याही रस्त्याच्या कडेला उभे राहावे. वरात येते, पुढे डीजेची गाडी असते, तिच्यावर ‘हाई झुमकावाली पोर’ दणदणत असते, आणि कडेला उभ्या असलेल्या सुशिक्षित गृहस्थांच्या कपाळावर आठ्या चढतात. “काय ही हल्लीची गाणी! आमच्या वेळी...” हे वाक्य पुढे कुठे जाते ते वाचकांना सांगायला नको.

साठी ओलांडलेल्या माणसाकडून या विषयावर हीच तक्रार अपेक्षित असते. आवाजाबद्दल माझीही आहे. खिडकीच्या काचा हादरवणाऱ्या त्या भिंतींचे कौतुक मला कोणी सांगू नये. पण गाण्याला नाक मुरडणे मला मान्य नाही. ‘मेरा साया’मध्ये १९६६ साली बरेलीच्या बाजारात हरवलेला झुमका आमची पिढी अजून मिटक्या मारीत शोधते आहे. तोच झुमका आपल्या गावच्या पोरीच्या कानात दिसला की मात्र संस्कृती बुडते! म्हणजे आक्षेप उथळपणाला नाही, भाषेला आहे. हिंदीतले पोरकटपण आपल्याला मनोरंजन वाटते आणि अहिराणीतले गावंढळपण वाटते.

या बोलींचे स्थान तसे लहान नाही. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीला भिल्ल भाषांच्या पंगतीला, एकाच खंडात बसवले. तो खंड १९०७ चा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी वेगळी मोजली गेली आणि तिचे बोलणारे साडेअठरा लाखांच्या घरात निघाले. भिली म्हणून नोंदलेली संख्या देशभरात एक कोटीच्या वर. आमच्या जिल्ह्यात तर एका आठवडे बाजारात पावरी, मावची, देहवाली, गुजरी, अहिराणी असे सगळे कानावर पडते, वर गुजरातीची फोडणी.

१९८८ च्या सुमारास मी तळोद्याकडच्या एका बँक शाखेत होतो. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून दहा वर्षे होती. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांची कर्जे जात. एक दिवस चार-पाच आदिवासी तरुण बँडची वाद्ये घ्यायला कर्ज मागत आले. व्यवसाय कोणता, तर लग्नात वाजवणे. तारण कोणते, तर तीच वाद्ये. वरून शेरा आला की हंगामी उत्पन्नाचा विचार व्हावा. मी विचार करून हप्ते चैत्र-वैशाखात बांधून दिले. म्हशींची कर्जे थकली, बँडचे फिटले. त्या वेळी गावोगाव टेपरेकॉर्डर पोचले होते आणि स्वस्त कॅसेटींमुळे मुंबईच्या कंपन्यांना न विचारताही गाणे खपू लागले होते. आता नवापूर, अक्कलकुव्याकडच्या पथकांत की-बोर्ड आला आहे, रोडाली आणि टिमली गाडीवर बसून वाजतात, आणि भोपळा व बांबूच्या पावरीचा सूर एका कळीतून निघतो. खरी पावरी वाजवणारा म्हातारा मांडवाच्या कडेला बसून ऐकतो. याचे मला वाईट वाटते. पण पोराने की-बोर्ड घेतला म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. हप्ता त्यालाही फेडायचा असतो.

शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ नावाची एक कविता आहे. ज्यांचे दुःख सांगितले जात आहे ते खाली आणि सांगणारे दुसरेच वर, असा तिचा आशय. २०१६ नंतर मोबाईलचा डाटा स्वस्त झाला तेव्हा मला त्या कवितेची फार आठवण झाली. सातपुड्यातल्या कित्येक पाड्यांवर अजून टेकडी चढून रेंज शोधावी लागते, हे खरे. तरीही व्यासपीठावर चढायला आता कोणाच्या निमंत्रणाची गरज उरली नाही. साहित्य संमेलनांतल्या परिसंवादांतून आम्ही लेखकमंडळींनी बोलींची जेवढी काळजी वाहिली, तिच्यापेक्षा जास्त काम या पोरांनी दोन-चार मिनिटांच्या गाण्यांनी केले. पुण्यात शिकणारा माझा नातू, ज्याला घरी अहिराणी बोलायचा संकोच वाटे, तो आता मित्रांना ही गाणी ऐकवतो आणि शब्दांचे अर्थ समजावून सांगतो. (मोबाईलवरच्या खेळांत मात्र तो बंदूक घेऊन इंग्रजीतच ओरडतो. असो.)

तर माझी तक्रार कोणती? ही बोली फक्त नाचायला आणि हसायला उरली आहे, ही.

आठवून पाहा. खानदेशी विनोदी फिती ढिगाने आहेत. मराठी मालिकेत खानदेशी माणूस आला की तो बहुधा हसवायलाच येतो. गाण्यात पोरीचे रूप आहे, तिच्यामागे लागलेला पोरगा आहे. त्या पोरीला काय वाटते ते नाही. आणि प्रत्यक्षात? आमच्याकडे घरात कोणी गेले की बाया गेलेल्याचे गुण काढून काढून अहिराणीतच रडतात. कानबाईच्या रात्री त्या जी गाणी म्हणतात त्यांत सासर, माहेर, लेकरू सगळे असते. भांडण, नवस, शिव्या, समजूत या सगळ्याला पुरणारी ही भाषा कॅमेऱ्यासमोर आली की विदूषकाची टोपी घालते. गंभीर बोलायची वेळ आली की पात्रे शुद्ध मराठीत किंवा हिंदीत शिरतात.

मालेगावचे पाहा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि यंत्रमागांच्या त्या गावाला हसवले. पण सुपरमॅन झालेल्या शफीक या मागावरच्या कामगाराचा आजार, त्या वेडामागची गरिबी, हे सांगायला बाहेरून लोक यावे लागले: आधी फैजा अहमद खान यांचा माहितीपट, मग २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. दोन्ही मला आवडले. तरीही मनात आले की हसवण्याचे काम आपले आणि रडवण्याचे पाहुण्यांचे, ही वाटणी कोणी केली? सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची तेहतीस गावे बाधित झाली. त्यावर ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांनी केली. तीस वर्षे झाली. धडगावच्या पोराने पावरीत तीच गोष्ट पडद्यावर मांडलेली मला पाहायची आहे.

अशक्य नाही. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये करमाळ्याकडची बोली नायक-नायिकेच्या तोंडी दिली, आणि थेटरात कोणाला ती कळली नाही असे झाले नाही. लोक आधी हसले, मग गप्प झाले. त्याच बोलीत.

दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी गुजरातेत गाड्या निघतात. गाडीत बायका, लेकरे, भांडी, गोधड्या, एखादी कोंबडी. शाळेतली पोरे दप्तरासकट. मागच्या फळीला टेकलेल्या एखाद्या तरुणाच्या मोबाईलवर गाणे चालू असते, हेच, झुमक्याचे. घाटाला लागेपर्यंत ते ऐकू येते. त्या तरुणाकडे कॅमेराही आहे, त्याच मोबाईलमध्ये; आणि गाडीत बसलेली त्याची आई काय बोलते आहे, ते त्याला कोणी भाषांतर करून सांगावे लागत नाही.