थंडीत कोणती खिडकी बंद, कोणती उघडी?



मुंबईला थंडी ती काय, असं म्हणून गावाकडचे नातेवाईक हसतात. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती, हे त्यांना सांगून बघा! आता तशी थंडी पडत नाही हे खरं. तरी बोरिवली-मुलुंडला, डोंगराच्या कडेला, जानेवारीतली पहाट चांगलीच गार असते. सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसणाऱ्या सासूबाईंना विचारा, खिडकीच्या फटीतून पाठीवर येणारा वारा काय असतो ते.

त्यावर उपाय म्हणून दुहेरी काच बसवायचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. माझं मत स्पष्ट आहे: मोजक्या गार रात्रींसाठी एवढा खर्च नको. रस्त्याच्या आवाजाचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. परिग्रहाची मर्यादा काय फक्त दागिन्यांनाच?

आपल्याकडे गारवा काचेतून कमी आणि फटीतून जास्त येतो. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला कडेने बारीक लोकरी पट्टी असते. ती काही वर्षांत झिजते, खालची चाकं घासतात, झडप तिरकी होते आणि फट पडते. अ‍ॅल्युमिनियमचं काम करणारा माणूस झडप काढून पट्टी आणि चाकं बदलून देतो. एवढंच काम आहे. फक्त खालच्या चौकटीला बाहेरून बारीक भोकं असतात, ती त्याला सिलिकॉनने बुजवू देऊ नका. पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जातं.

काम सुरू करण्याआधी खाचा मऊ पूंजणीने हलक्या हाताने साफ करा. मुंग्या, कोळी, पालीची अंडी, सगळं तिथेच असतं. बाहेरच्या कठड्यावर कबुतराची अंडी असतील तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, थंडी काही पळून जात नाही. फट बुजली की डास-किडेही कमी येतात आणि मग फवारा मारायची वेळच येत नाही. मारण्यापेक्षा येऊच न देणं, जयणा म्हणा की यत्नाचार, मला तरी यातच दिसतो.

दिवसा मात्र पडदे सरकवून ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात आतपर्यंत येतं. पहाटेची हवा धुरकट असते, तेव्हा खिडक्या दुपारी समुद्राचा वारा सुटला की उघडा.

हे झालं खोल्यांचं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बाथरूमच्या खिडकीला यातलं काहीही लागू नाही.

आपल्या घरांत पूजेसाठी, अभिषेकासाठी भल्या पहाटे आंघोळ होते. थंडी लागते म्हणून काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीवर पुठ्ठा, प्लास्टिक, जुना टॉवेल काहीतरी लावलेलं असतं. आत गॅस गिझर असेल तर हे जिवावर बेतू शकतं. गॅस जळताना बंद जागेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी उघडायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. अशा बातम्या आपल्या उपनगरांतूनही आल्या आहेत. दोन दिवस हळहळून आपण विसरतो, पुठ्ठा तिथेच राहतो.

गॅस गिझर बाथरूमच्या आत नकोच, असं माझं ठाम म्हणणं आहे. मोकळ्या हवेत, बाहेरच्या बाजूला बसवून घ्या, नाहीतर विजेचा घ्या. तोवर बादली भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच आत जाऊन कडी लावा. ज्येष्ठांना कडी न लावताच आंघोळ करू द्या. लाज वाटते म्हणतात, तर दाराबाहेर कुणीतरी बसा.

स्वयंपाकघराची खिडकीही पूर्ण बंद करू नका, गॅस तिथेही जळतोच. आणि भाड्याच्या घरात मालक गिझर हलवायला तयार नसेल, तर त्याच्याशी वाद घालत थंडी काढण्यापेक्षा पाणी चुलीवर तापवून बादलीत घ्या.