पलटणीचे पत्र कोणी वाचावयाचे?

सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आश्रयास होते. त्यांत बहुतेक बायकामुले. कर्ते पुरुष पलटणीत. पुष्कळजण इटलीत लढत होते. त्याच इटलीत आमचे मराठे शिपाईही होते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला; त्याच मोहिमेत पोलिश फौजही होती. म्हणजे वळिवड्याची परकी माता व आमच्या खेड्यातली माता एकाच रणांगणावरील पत्राची वाट पाहात होत्या.

परंतु भेद केवढा! घरदार गमावलेल्या त्या लोकांनी छावणीतही मुलांच्या शाळा चालविल्या. आमच्या कितीतरी माउल्यांना मात्र लेकाचे पत्र घेऊन दुसऱ्याच्या ओट्यावर जावे लागे. पत्र दुसऱ्याने लिहिलेले, सेन्सॉरने तपासलेले, तिसऱ्याने वाचलेले. मग आईच्या वाट्याला लेकाचे शब्द किती आले? पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांच्या पत्रांचे उतारे सरकारने काढले. ते लंडनच्या दप्तरात आजही आहेत. आमच्या घरात काय उरले?

तेव्हा सोलापूरच्या शेतकरी व विणकर बंधुभगिनींनो, आजा-पणजाची ट्रंक उघडा. पत्र सापडल्यास रद्दीत घालू नका. घरच्या लेकीला ते सर्वांसमक्ष मोठ्याने वाचू द्या. जोतीरावांनी विद्येचा एवढा आग्रह का धरला, ते त्या घटकेस घरातल्या सर्वांना कळेल.