प्रमाण आणि पत्र

पदवी हाती आली, नेमणुकीचे पत्र मात्र नाही. या मधल्या काळात संगणकाचे पदवीधर प्रमाणपत्रांमागे धावतात. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी ४ प्रमाणे मानली. प्रमाणपत्र हे त्यांतले शब्दप्रमाण. त्याची किंमत ग्वाही देणाऱ्याच्या विश्वासार्हतेइतकी. शिवाय आपल्या नेट-सेटला मुदत नसते, या ग्वाहीला असते. सिस्कोचे सीसीएनए ३ वर्षे टिकते. मायक्रोसॉफ्टचे एकेकाळी मिरवले जाणारे एमसीएसई तर २०२१ मध्ये बंदच झाले.

म्हणून आधी काम ठरवावे, मग परीक्षा. नेटवर्कचे काम करायचे असेल त्याने सीसीएनए अवश्य द्यावी. प्रोग्रामिंग करू पाहणाऱ्याने मात्र स्वतः लिहिलेला, चालणारा प्रोग्राम मुलाखतीत दाखवावा. ते प्रत्यक्ष प्रमाण. ५ विषयांतल्या ५ प्रमाणपत्रांची चळत पुष्कळदा एवढेच सिद्ध करते, की उमेदवाराचे अजून काहीच ठरलेले नाही.

प्रतीक्षेत काहीतरी हाती असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही फी बहुधा आईवडिलांच्या बचतीतून जाते. ‘कोणती परीक्षा देऊ?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आपण शिक्षकांनी आधी विचारावे, ‘तुला काय करायला आवडेल?’