डन्क्विनची शाळा आणि आपण

केरीच्या पश्चिम टोकाला डन्क्विन हे आयरिश बोलणारं छोटंसं गाव आहे. समोरचं ग्रेट ब्लास्केट बेट सरकारनं १९५३ मध्ये रिकामं केलं. १९७० मध्ये पटसंख्येचं कारण देऊन गावची शाळाही बंद केली. गावकरी हटले नाहीत. १९७३ मध्ये सरकार बदललं आणि शाळा पुन्हा उघडली.

आता खरा प्रश्न घरांचा आहे. सुट्टीपुरती उघडणारी घरं एरवी कुलूपबंद (कोकण आठवलं ना?), तरुण जोडप्यांना जागा नाही, मग पट कुठून येणार? आम्ही आयटीवाले म्हणतो, घरून काम करू, तिकडेच राहू. पण भाडी आम्हीच वाढवणार. शिवाय आमची मुलं घरी मराठीला इंग्रजीत उत्तर देतात. तिथे मधल्या सुट्टीत ती कुठली भाषा बोलतील?