दीडशे घोडे आणि एक मोटरसायकलवाला

गाडी घेऊन आता दीड वर्ष होत आलं. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअर, मॅन्युअल. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर! हापिसात सगळ्यांनी वेड्यात काढलं. "एवढ्या पैशात एसयूव्ही आली असती रे!" आली असती. पण आकड्यांची चटक लागलेल्याला कोण समजावणार? (गाडी आपल्या चाकणलाच बनते, हा खास आईसाठी काढलेला मुद्दा.)

आता खरं सांगतो. सोमवार ते शुक्रवार हे दीडशे घोडे हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पेंगत असतात. मोकळा रस्ता मिळालाच आणि पाय हलका ठेवला, तर इंजिन स्वतःहून चारपैकी दोन सिलिंडर बंद करतं. म्हणजे हप्ता चारचा भरायचा आणि गाडी दोनवर चालवायची!

तरी मी याला उधळपट्टी मानत नव्हतो. आपण सर्व्हर घेतो तो रोजच्या लोडसाठी नाही, पीक लोडसाठी. तसंच हे. पूर्ण टॉर्क १६०० आरपीएमपासूनच मिळतो. तिसरा टाकला की ओव्हरटेक झालाच. समोरच्याच्या लेनमध्ये कमी वेळ, म्हणजे धोका कमी. थोडक्यात, जास्त पॉवर म्हणजे जास्त सेफ्टी. हे लॉजिक मी वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

मग पावसाळ्यात एका शनिवारी बाबांना घेऊन ताम्हिणीला निघालो. बाबा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. मुळशीच्या पुढे एक टेम्पो रखडत चालला होता. समोरून, बऱ्याच लांबून, एक मोटरसायकल येत होती. मी अंदाज घेतला, तिसरा टाकला, गाडी सुसाट सुटली आणि भरपूर जागा ठेवून मी परत आत आलो. मनात म्हटलं, बघा बाबा!

बाबा काहीच बोलले नाहीत. पुढे चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "तो मोटरसायकलवाला खाली चिखलात उतरला. मागे बाई होती त्याच्या. बघितलंस?"

"अहो, पण भरपूर जागा होती!"

"ते तुला माहीत. तुझ्या गाडीत दीडशे हॉर्सपॉवर आहेत हे त्याला कोणी सांगितलं होतं?"

च्यायला! माझं सगळं गणित एका बाजूचं होतं. समोरच्याला दिसते ती फक्त त्याच्या लेनमधून अंगावर येणारी गाडी. ताशी १०० ला ती सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. त्याने तेवढ्यात काय ठरवायचं? पॉवर माझी, पण चिखलात उतरायचं त्याने. आणि २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने व्हर्टसला दिलेले पाच तारे, जे मी सगळ्यांना मिरवून दाखवतो? ते गाडीत बसलेल्यांसाठी. त्यातली समोरची धडकही ताशी ६४ किलोमीटरची. घसरणाऱ्या मोटरसायकलवाल्याला किती तारे?

गाडी विकणार का? मुळीच नाही. पहाटेच्या रिकाम्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ती जे गाते, त्यासाठी हप्ता भरायला मी तयार आहे. पण आता माझा एक नियम आहे. माझ्यामुळे समोरच्याला जागा सोडावी लागेल अशी नुसती शंका आली, तरी मुकाट्याने टेम्पोच्या मागे. मला वाटतं, ज्याच्याकडे जास्त पॉवर आहे त्यानेच थांबावं. पुन्हा वेग घ्यायला त्यालाच तर सगळ्यात कमी वेळ लागतो!

असो. हल्ली बाबा शेजारच्या सीटवर चक्क झोपतात. एवढं सर्टिफिकेट मला पुरे.