वाट पाहण्याचे मोल

ख्रिस्ती पंचांगात नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे मानले जातात. सण अद्याप यावयाचा असतो. परंतु अंतःकरणाची झाडलोट आणि तुटलेल्या नात्यांची सांधणी या काळातच व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रतीक्षा हाच येथे उपासनेचा भाग होय. तिची खरी कसोटी मात्र चर्चमध्ये लागत नाही, घरात लागते.

अर्थशास्त्राला प्रतीक्षेचे मोल अपरिचित नाही. नासॉ सीनियरने भांडवलसंचयाचे श्रेय उपभोगत्यागाला दिले, तेव्हा धनिकांचा त्याग तो कसला, असा आक्षेप निघाला. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याऐवजी 'प्रतीक्षा' हा शब्द पसंत केला. व्याज हा त्या प्रतीक्षेचा मोबदला. कुटुंबातील प्रतीक्षेला असा दर नसतो. अर्जामागून अर्ज करणारा पदवीधर मुलगा, अंथरुणाला खिळलेली सासू, अबोला धरलेला भाऊ यांच्यासाठी थांबणाऱ्याला ना मुदत ठाऊक असते, ना परताव्याची हमी. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने आशेचे नाते अदृष्टाशी जोडले, ते अशांच्या अनुभवाला धरूनच आहे.

महाराष्ट्रात या अनुभवाचे अत्यंत प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सापडते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा होता. वियोग, आप्तांचा आक्रोश आणि लहानग्या मुलाची चिंता पत्नीच्या वाट्याला आली. पुढे त्या पतीजवळ राहू लागल्या, तरी त्यांनी आपला धर्म सोडला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो जातिभेदाची स्वतःची समजूत गळून पडल्यावर, स्वतःच्या पावलांनी. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले.

दोघांनीही वाट पाहिली. पण दोघांची वाट सारखी नव्हती. एकाने ती पत्करली होती, दुसरीवर ती येऊन पडली होती. हा भेद विसरल्यामुळेच आपल्या घरांत सबुरीचा उपदेश बहुधा सुनेला, विधवेला किंवा मिळवत्या नसलेल्या मुलाला ऐकावा लागतो. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या, त्याला कोणी धीर धरावयास सांगत नाही. अन्याय मुकाट्याने सोसण्याला धर्माचे नाव दिले की आशेचे अफूत रूपांतर होण्यास वेळ लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. मुलगा दूर असतानाच बापाला दिसतो, आणि बाप धावत सुटतो. ज्याची नजर रोज रस्त्याकडे लागलेली असेल, त्यालाच येणारा इतक्या लांबून दिसतो. विशेष हे की, या कथेत वाट पाहणारा घराचा धनी आहे. शेतीवाडी त्याची, चाकर त्याचे, मान त्याचा. तरीही थांबतो तो, आणि धावतोही तोच.

ख्रिस्ती सबुरीचा अर्थ घराला यातून उमगावा. ज्याच्याकडे अधिकार अधिक, त्याने अधिक थांबावे, पहिले पाऊलही त्यानेच टाकावे. घरातील वडीलधाऱ्यांनी यंदाच्या आगमनकाळात एवढे मनावर घेतले, तर कित्येक दारे नाताळापूर्वीच उघडतील.