लागणीनंतर धोरण बदलू नये



जून उजाडला की आमच्या गटऑफिसात दोन चौकश्या सुरू होतात. पहिली, आडसालीचे बेणे कधी मिळणार? आणि दुसरी, पोराचा नंबर कुठे लागेल? पहिलीचे उत्तर शेतकी खात्याजवळ असते. दुसरीचे कोणाजवळच नसते, तरी जो तो ते देतो. क्लासवाला देतो, पुण्याचा भाचा देतो, एसटीत शेजारी बसलेला माणूससुद्धा देतो. "गेल्या साली इतक्यावर लागला होता, तुमचा लागणारच." त्या भरवशावर पेढे वाटले जातात, खोलीचे डिपॉझिट भरले जाते, आणि यादी लागली की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही.

ऊस विकास अधिकार्‍याने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याच्या घरी बारावीचे मूल आहे, त्याच्या ऊसबिलाचा हप्ता कोठे जातो हे सभासदांना सांगायला नको. कोणी सोसायटीचे कर्ज थकवतो, कोणी खोडव्याचे खत मागे ठेवतो. म्हणून हा विषय शेतीबाहेरचा नाही.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. आपल्या भागातील मुले खडकीत कॉट बेसिसवर राहून क्लासला जातात. खडकीहून लोकलने पुढचेच स्टेशन शिवाजीनगर, आणि तिथे जुने इंजिनियरिंग कॉलेज. हे कॉलेज १८५४ साली सुरू झाले आणि २०२२ सालापासून ते सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ या नावाने राज्याचे स्वतंत्र विद्यापीठ आहे. सरकारी संस्था, नाव मोठे, म्हणून सगळ्यांचा डोळा तिथेच. खडकी ते शिवाजीनगर अंतर एका स्टेशनाचे. पण मधली चाळण फार बारीक आहे.

ही चाळण कशी चालते ते आधी समजून घ्यावे. सीईटी परीक्षा २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते आणि निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो. पर्सेंटाईल म्हणजे गुण नव्हेत. ९९ पर्सेंटाईल याचा अर्थ, त्या सत्रात शंभरातली नव्व्याण्णव मुले तुमच्या बरोबर किंवा मागे. ऐकायला मोठे वाटते. पण २०२५ साली गणित गटाला चार लाखांवर मुले बसली होती. त्यांतला शेकडा एक म्हणजे चार हजार. तुमचा मुलगा ९९ वर असला तरी पुढे चार हजार मुले उभी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना तेच कॉलेज आणि तीच कॉम्प्युटरची शाखा पाहिजे.

त्या शाखेच्या जागा मोजक्या. त्या मोजक्या जागा पुन्हा प्रवर्ग, मुली, दिव्यांग, सैनिकांची मुले अशा ओळींत वाटल्या जातात. एखाद्या ओळीत दोनच जागा उरतात. जिथे दोनच जागा, तिथे वरच्या एका मुलाने आयआयटी धरली तर शेवटचा नंबर एकदम खाली येतो, आणि दोन हुशार मुले जादा आली तर वर उडतो. आपण फडातले एकच टिपरू रिफ्रॅक्टोमीटरला लावून सगळ्या प्लॉटचा उतारा सांगतो काय? चार ठिकाणचे नमुने घेतो. मग एका सालच्या कट-ऑफवर पोराचे भवितव्य कशाला सांगावे? तीन-चार वर्षांचे आकडे बघावेत आणि तरीही तो अंदाजच समजावा.

यात नशिबाचाही भाग असतो. २०२५ साली २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या पेपरात २१ प्रश्न चुकीचे निघाले. सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्या मुलांचा काय दोष होता?

पण निसर्गाची आणि नशिबाची अनिश्चितता शेतकर्‍याला नवी नाही. गारपीट सोसणारी माणसे आपण. माझी तक्रार दुसर्‍या अनिश्चिततेबद्दल आहे. ती माणसाने केलेली आहे, म्हणून ती टाळता येते.

इंजिनियरिंगचे प्रवेश २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे देशपातळीवरची जेईई आणि बारावीचे गुण यांवर झाले. २०१६ ला पुन्हा राज्याची सीईटी आली. वैद्यकीयचे पाहा. राज्यात ७०:३० ची प्रादेशिक पद्धत होती. आपल्या विभागातील मुलांना ७० टक्के जागा, इतर विभागांना ३० टक्के. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. त्या साली नीट परीक्षा १३ सप्टेंबरला होती, आणि हा निर्णय त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी आला. त्याच आठवड्यात, ९ सप्टेंबरला, मराठा आरक्षणाला सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि त्या वर्षीच्या प्रवेशांचे वेळापत्रक अडकले. २०२१ साली तो कायदा रद्द झाला, २०२४ साली नवा आला.

७०:३० रद्द झाले हे चूक असे मी म्हणत नाही. मराठवाड्यात कॉलेजे कमी, तिथल्या मुलांवर अन्याय होत होता ही तक्रार जुनी होती. आरक्षणाबाबत प्रत्येक सभासदाचे आपले मत आहे, त्यातही मी शिरत नाही. माझा मुद्दा वेळेचा आहे. आपला कारखाना लागण धोरण केव्हा जाहीर करतो? लागणीच्या आधी. कोणती जात, कोणत्या तारखेपासून नोंद, तोडणीची पाळी कशी, हे सभासदाच्या हातात असते, मगच तो सरी सोडतो. धोरण बदलले तरी ते पुढच्या लागणीला. उभ्या उसाला जुनेच धोरण. ऊस चौदा महिन्यांचा झाल्यावर "ही जात आता घेणार नाही" असे सांगितले, तर वार्षिक सभेत काय होईल ते सर्वांना ठाऊक आहे. मग दोन वर्षे अभ्यास करून उभ्या राहिलेल्या मुलाला परीक्षेच्या तोंडावर नवा नियम का?

कोर्टाचा निकाल कधी यावा हे सरकारच्या हाती नाही, हे मान्य. परंतु परीक्षा कोणती, गुण कसे धरायचे, विभागाचा कोटा किती, फेर्‍या किती, हे तर सरकारच्याच हाती आहे. हे सारे मूल अकरावीत बसण्यापूर्वी जाहीर व्हावे आणि त्या मुलाच्या प्रवेशापर्यंत बदलू नये. एवढीच मागणी आहे. आपल्या वार्षिक सभेने असा ठराव करून शासनाकडे पाठवावा, अशी माझी सूचना आहे.

तोवर आपल्या हातचे काम आपण करावे. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाईल ही कागदे अकरावीतच करून ठेवावीत. ऐन जुलैत तहसीलला रांग लावून दाखला मिळत नाही आणि कागदापायी हातची जागा जाते. पसंतीचा फॉर्म दुसर्‍याच्या सांगण्यावरून भरू नये. २०२५ सालच्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळाली, तर ती घ्यावीच लागत होती. म्हणून जे खरेच पाहिजे तेच वर लिहावे, "लागणार नाही" म्हणून गाळू नये, आणि खाली जवळची कॉलेजे भरपूर लिहावीत. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका मात्र स्वतः वाचावी.

आणि एकाच नावावर सगळा डाव लावू नये. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा लोणी, वारणानगर अशा सहकाराच्या गावांत इंजिनियरिंग कॉलेजे उभी राहिली. तिथून शिकलेली मुलेही चांगली कामाला लागली. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनियरिंगच्या थेट दुसर्‍या वर्षाला जाण्याची वाटही आहे. पोराचा नंबर शिवाजीनगरला लागला नाही म्हणून त्याला उशिरापर्यंत जेवायला न बोलावणारे बाप मी पाहिले आहेत. बाबांनो, ज्या ओळीत दोनच जागा होत्या तिथे तिसरा आलेला मुलगा नालायक नसतो.

कागदपत्रांची यादी सर्व गटऑफिसांत लावली आहे. अकरावीत मूल असलेल्या सभासदांनी आडसालीच्या नोंदीला येताना ती जरूर लिहून न्यावी.

कळावे,

ऊस विकास अधिकारी